माहितीचा पॅरा नीट लिहायचा कसा: पायरी पायरीने, आणि नेमकं कुठं चुकतं ते

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत मी दर रविवारी पोरापोरींचे लिहिलेले पॅरे तपासतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हापासून वह्यांचा गठ्ठा वाढलाय. त्यात कॉलेजचा प्रोजेक्ट करणारे असतात, कुणाला गावाच्या ग्रामपंचायतीसाठी माहितीफलक लिहायचा असतो, कुणाला मंडळाच्या अहवालात दोन पॅरे द्यायचे असतात. माणसं वेगळी, पण चूक जवळपास तीच. माहिती असते, अक्षर बरं असतं, शुद्धलेखनही चालण्यासारखं असतं, आणि तरी पॅरा वाचून झाल्यावर हाताला काही लागत नाही.

हा बघा नमुना. प्रश्न होता, पंचगंगेला पूर का येतो? आणि उत्तर आलं ते असं:

"कोल्हापूर हे ऐतिहासिक शहर आहे. येथून पंचगंगा नदी वाहते. ही नदी अनेक नद्यांपासून बनली आहे. तसेच २०१९ मध्ये येथे महापूर आला होता. पूर ही एक नैसर्गिक आपत्ती आहे. धोका पातळी ४३ फूट आहे. तसेच येथे राधानगरी धरण आहे. त्यामुळे लोकांचे खूप नुकसान झाले. म्हणून सर्वांनी काळजी घेणे गरजेचे आहे."

यातलं एकही वाक्य खोटं नाही, आणि तरी पूर का येतो ते यात कुठंच नाही. "त्यामुळे नुकसान झाले" म्हणजे कशामुळे, धरणामुळे? लिहिणाऱ्या पोरीला उत्तर येत होतं हो, मी तोंडी विचारलं तर तिनं दोन मिनिटांत व्यवस्थित सांगितलं. पण लिहिताना आठवेल तसं एकेक वाक्य खाली ठेवत गेली. आपण हाच पॅरा शेवटपर्यंत सोबत घेऊन जाऊ आणि पायरी पायरीने परत बांधू.

## पायरी १: आधी प्रश्न लिहा, प्रश्नचिन्हासकट

पॅरा लिहायला बसलात की पहिलं वाक्य सुचायची वाट बघू नका. कागदाच्या डोक्यावर एक प्रश्न लिहा. विषय लिहायचा नाही, प्रश्न लिहायचा. "पंचगंगेचा पूर" हा विषय झाला, त्यात पुराची कारणंही येतात, नुकसानही येतं, मदतकार्यही येतं, आणि मग पॅऱ्यात सगळंच थोडं थोडं येतं. "पंचगंगेला पूर का येतो?" हा प्रश्न झाला, याच्यात काय बसतं आणि काय बसत नाही ते लगेच दिसतं.

परीक्षेत प्रश्न आयता मिळतो म्हणून बरीच पोरं ही पायरी सोडतात, आणि तिथंच घसरतात. पेपरातला प्रश्न बऱ्याचदा दोन-तीन प्रश्नांचा मिळून असतो, "कारणे सांगून उपाययोजना सुचवा" असा. म्हणजे हे दोन प्रश्न, म्हणजे दोन पॅरे. एका पॅऱ्यात दोन्ही कोंबलं की कारणं अर्धवट राहतात आणि उपाय उपदेशासारखे वाटायला लागतात.

प्रश्नाखाली अजून एक ओळ लिहा, वाचणारा कोण आहे आणि त्याला आधीच काय माहीत आहे. कोल्हापुरातल्या माणसाला "राजाराम बंधारा" म्हटलं की पुरे, पावसाळ्यात रोज सकाळी तिथला पंचगंगेच्या पातळीचा आकडा बघूनच दिवस सुरू होतो. पण नागपूरच्या वाचकाला तो बंधारा कुठला आणि तिथला आकडा का बघतात हे एका वाक्यात सांगावं लागतं. पेपर तपासणारा कुठला असेल ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून बाहेरचाच धरून चाला.

थांबा आणि तपासा: तुमच्या प्रश्नात "आणि" आहे का? असेल तर प्रश्न तोडा. प्रश्न "कसा, का, कुठं, कधी, म्हणजे काय" यातल्या कशानं विचारलाय? यातलं काहीच नसेल तर तो अजून विषयच आहे.

## पायरी २: माहितीचं सामान काढा, मग निवडा

आता रफ कागदावर, जे जे माहीत आहे ते एका ओळीत एक असं लिहून काढा. वाक्यं सजवू नका. पुराच्या प्रश्नाला असं काहीतरी निघेल:

- पश्चिमेकडं सह्याद्री, तिथं पाऊस जास्त
- कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या
- प्रयाग चिखलीपासून पंचगंगा
- राधानगरी धरण भोगावतीवर, सात स्वयंचलित दरवाजे
- नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते
- राजाराम बंधारा, इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट
- २०१९ चा महापूर, पाणी ५५ फुटांच्या वर
- राधानगरी धरण शाहू महाराजांनी बांधायला घेतलं
- शिवाजी पूल, वाहतूक बंद
- लोकांचं स्थलांतर

आता प्रत्येक ओळीला वरचा प्रश्न विचारा, यानं "का" चं उत्तर मिळतं का? धरण कुणी बांधायला घेतलं हे खरं आहे, अभिमानाचंही आहे, पण पुराच्या कारणात त्याचं काम नाही, काढा. शिवाजी पूल बंद होणं हा पुराचा परिणाम आहे, कारण नाही, तेही काढा. स्थलांतर तसंच. २०१९ चं काय करायचं? तो आकडा पूर किती मोठा होता ते सांगतो, का आला ते सांगत नाही, म्हणून सध्या बाजूला ठेवा, लागला तर घेऊ.

ही छाटणी जिवावर येते हे मला माहीत आहे. पाठ केलेलं वाया जातंय असं वाटतं, एवढं वाचलं आणि लिहायचं नाही म्हणजे काय. पण न लागणारी एक खरी गोष्ट आत शिरली की शेजारच्या लागणाऱ्या गोष्टीचंही वजन कमी होतं, वाचणाऱ्याला कळतच नाही की यातलं धरायचं काय.

आकड्यांबद्दल इशारा: आकडा कधी एकटा लिहू नका. "धोका पातळी ४३ फूट" हे अर्धं वाक्य आहे. कुठली धोका पातळी? राजाराम बंधाऱ्यावरची. तीच नदी, पण मोजायची जागा बदलली की पातळीचा आकडाही बदलतो. प्रत्येक आकड्यासोबत तीन गोष्टी हव्यात: कशाचा, कुठला, आणि लागत असेल तर कधीचा. आणि आकड्याची खात्री नसेल तर तो सरळ गाळा. "सुमारे" लावून अंदाजे आकडा ठोकून दिला की तपासणाऱ्याला तो एक जरी चुकीचा सापडला तरी बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

विशेषणांचंही इथंच बघून घ्या. "कोल्हापुरी चप्पल जगप्रसिद्ध आहे" असं दर दुसऱ्या वहीत असतं. त्या "जगप्रसिद्ध" मधून वाचणाऱ्याला काहीही मिळत नाही. त्याजागी "कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे" असं लिहिलं तर ते वाचून माणूस थांबतो, कारण बहुतेकांना वाटतं ते फक्त कोल्हापूरचंच आहे. सुप्रसिद्ध, अतिशय महत्त्वाचे, मोलाचे, अविस्मरणीय, असे शब्द आले की खाली पेन्सिलनं रेघ मारा आणि स्वतःला विचारा, मी हे कशावरून म्हणतोय? जे उत्तर येईल ते लिहा, विशेषण खोडा.

## पायरी ३: क्रम लावा (खरी मेहनत इथंच आहे)

सामान निवडून झालं की लगेच लिहायला सुरुवात करायची नाही. आधी ओळींना नंबर द्यायचे. क्रम कुठून येतो, तर प्रश्नातूनच येतो.

"कसं होतं" असा प्रश्न असेल तर जसं घडतं तसा क्रम. "का होतं" असेल तर मूळ कारणापासून परिणामाकडं. "म्हणजे काय" असेल तर आधी व्याख्या, मग त्यातला एकेक भाग, मग उदाहरण. काळाचा प्रश्न असेल तर तारखेनं. अंबाबाईच्या किरणोत्सवावर लिहायचं असेल तर ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या तारखा, आणि मावळतीची किरणं आधी देवीच्या मूर्तीच्या पायांवर, मग छातीपर्यंत, मग चेहऱ्यावर, हा क्रम घटनेतच आहे, तो मोडायचं कारण नाही. तरी मी अशी वही बघितलीय ज्यात किरणं पहिल्या वाक्यात चेहऱ्यावर पोचली होती आणि पायांवर चौथ्या वाक्यात आली.

क्रमाची सगळ्यात चांगली गोष्ट मला एका पोरानं शिकवली. त्याच्या घरचं गुऱ्हाळ आहे. गूळ कसा तयार होतो यावर त्यानं पॅरा आणला, तो पुस्तकी होता, पहिल्या वाक्यात गुळाचे आरोग्यदायी फायदे, मग २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं ते, मग मधेच उसाच्या जाती, आणि काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, एकदम शेवटी. मी वही मिटली आणि म्हटलं, समज मी तुझ्या घरी आलोय आणि मला काहीच माहीत नाही, सांग.

मग तो सांगायला लागला. ऊस चरकात घालायचा, रस काढायचा. रस काहिलीत घेतला की खाली चुलवाणात चिपाडं टाकून जाळ करायचा. रस तापला की भेंडीचं पाणी घालायचं, म्हणजे घाण धरून मळी वर येते, ती काढून टाकायची. मळी नीट काढली नाही तर गूळ काळपट होतो. मग रस आटत जातो, घट्ट व्हायला लागतो, तेव्हा गूळ करणारा गुळव्या काहिलीजवळून हलत नाही, थोडा पाक पाण्यात टाकून बोटानं गोळी होते का बघतो. गोळी झाली की काहील लगेच उतरवायची, कारण जरा उशीर झाला तरी करपतं. मग ओतायचं, घोटायचं, थंड व्हायला आलं की रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, भरायचे.

एकही वाक्य मागंपुढं झालं नाही, प्रत्येक वाक्यात पुढच्या वाक्याचं कारण होतं, आणि "आरोग्यदायी" हा शब्द एकदाही आला नाही. त्याला म्हटलं हेच लिही, फक्त बोलताना जे "हे असं" म्हणून हातानं दाखवलंस त्याजागी शब्द घाल. तेव्हापासून मी सगळ्यांना क्रम लावायच्या पायरीवर बोलायलाच लावतो. मोबाइलवर रेकॉर्ड करा, घरी आईला सांगा, रूममेटला सांगा. बोलताना क्रम चुकला तर समोरचा मधेच "म्हणजे?" विचारतो, आणि तो जिथं विचारतो तिथं तुमची एक ओळ गायब आहे असं समजा.

आता आपला पूर. पूर का येतो याचा क्रम पाणी स्वतःच सांगतं, डोंगरावर पडतं, नद्यांतून येतं, एकत्र होतं, पुढं जायला अडतं, मग फुगतं. म्हणजे नंबर असे: सह्याद्रीतला पाऊस, मग चार नद्या, मग प्रयाग चिखली, मग राधानगरीचा विसर्ग, मग नृसिंहवाडीची कृष्णा, मग राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. पाण्याबरोबर खाली उतरत जायचं.

थांबा आणि तपासा: कुठल्याही दोन ओळींची अदलाबदल करून बघा. काहीच बिघडत नसेल तर तुमचा क्रम अजून लागलेला नाही, ती नुसती यादी आहे.

## पायरी ४: पहिलं वाक्य म्हणजे उत्तर

पहिल्या वाक्यात वरच्या प्रश्नाचं थेट उत्तर द्यायचं. प्रस्तावना नको, "आजच्या धावपळीच्या युगात" नको, "प्राचीन काळापासून" नको, "पाणी म्हणजे जीवन" तर नकोच नको.

२०२१ च्या जुलैमध्ये पाणी चढत होतं तेव्हा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर माहिती द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी एक मोठा पॅरा लिहिला, सुरुवात २०१९ च्या पुरापासून केली, मग धरणाचा विसर्ग, मग बंधाऱ्यावरची पातळी, आणि अगदी शेवटी लिहिलं की तळमजल्यावरच्यांनी गाड्या आज संध्याकाळपर्यंतच वर हलवा. शेजारच्या काकूंनी पहिल्या तीन ओळी वाचल्या, त्यांना वाटलं जुन्या पुराची आठवण लिहिलीय, मोबाइल ठेवून दिला. सकाळी त्यांची स्कूटर हँडलपर्यंत पाण्यात होती. माहिती सगळी बरोबर होती आणि मी ती वेळेवर दिली होती, पण लागणारं वाक्य तळाला होतं. मला ते अजून लागून राहिलंय आणि म्हणूनच मी पहिल्या वाक्यावर एवढा अडून बसतो.

आपल्या पॅऱ्याचं पहिलं वाक्य असं होईल: "पंचगंगेला पूर येतो तो कोल्हापूर शहरात पडणाऱ्या पावसापेक्षा पश्चिमेकडच्या डोंगरात पडणाऱ्या पावसामुळे." बघा, यात उत्तर आहे, आणि पुढं काय येणार तेही आहे. वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, डोंगरातला पाऊस शहरात कसा पोचतो? तो प्रश्न म्हणजे तुमचं दुसरं वाक्य.

नेहमीच्या चुका: एक, पहिलं वाक्य इतकं मोठं करतात की सगळा पॅरा त्यातच संपतो, पुढं सांगायला काही राहत नाही. दोन, पहिल्या वाक्यात जे म्हणतात त्याचा पुढं पत्ताच नसतो. पहिल्या वाक्यात "तीन कारणं आहेत" म्हटलं तर तीनच आली पाहिजेत, चौथं आठवलं तर आकडा बदला. तीन, "या परिच्छेदात आपण पाहणार आहोत" असं लिहितात. पाहणार आहोत म्हणू नका, दाखवा.

## पायरी ५: मधली वाक्यं एकमेकांना धरून

मधलं वाक्य जोडायची सोपी युक्ती: आधीच्या वाक्याच्या शेवटी जी गोष्ट आली, तिला पकडून पुढचं वाक्य सुरू करा. "...भोगावती या नद्यांतून खाली येतं. या नद्या प्रयाग चिखलीजवळ..." असं. जुनं धरायचं, त्याला नवं जोडायचं. प्रत्येक वाक्य नवीनच गोष्टीनं सुरू झालं की वाचणाऱ्याला दर वेळी उडी मारावी लागते, आणि चौथ्या उडीला तो दमतो.

आता जोडशब्द. इथं मराठीत सगळ्यात जास्त गोंधळ "तसेच" नं घातलाय. दोन वाक्यांत काय नातं आहे हे लिहिणाऱ्याला ठरवता आलं नाही की तो "तसेच" टाकतो आणि पुढं जातो. वहीत "तसेच" दिसलं की मी गोल करतो आणि विचारतो, इथं "कारण" म्हणायचंय, "म्हणून" म्हणायचंय, का "पण"? दहापैकी आठ वेळा यातलाच एखादा शब्द बसतो, आणि तो बसला की पॅरा एकदम बोलायला लागतो. उरलेल्या दोन वेळा दुसरं वाक्य तिथं असायलाच नको असतं.

"त्यामुळे" चं पण जपून. "तसेच येथे राधानगरी धरण आहे. त्यामुळे लोकांचे खूप नुकसान झाले." यात धरण असणं आणि नुकसान होणं यांच्यामधल्या तीन पायऱ्या गिळल्यात. "त्यामुळे" लिहिलं की मागचं वाक्य खरंच कारण आहे का ते बघा, मधे काही राहिलं असेल तर ते लिहा.

मग येतं "त्याचा, तिचा, यामुळे, ते". मराठीत धरण नपुंसकलिंगी, पाणी नपुंसकलिंगी, पात्रही नपुंसकलिंगीच, त्यामुळे "ते वाढते" लिहिलं की काय वाढतं कळत नाही. अशा जागी नाव परत लिहा. शाळेत सांगतात की तोच शब्द परत परत वापरू नका, पण माहितीच्या पॅऱ्यात नाव परत आलेलं चालतं, वाचणारा गोंधळलेला चालत नाही. आणि याच भीतीपोटी एका पॅऱ्यात पंचगंगा, मग सरिता, मग जीवनदायिनी, मग लोकमाता असं चार नावांनी लिहू नका, बाहेरच्याला वाटेल चार नद्या आहेत.

वाक्याची ठेवणही बघा. "सदर धरणाच्या माध्यमातून पाण्याचा विसर्ग करण्यात येतो" हे कागदोपत्री मराठी आहे. "धरणातून पाणी सोडतात" एवढं पुरतं. "महत्त्वाची भूमिका बजावते" हे तर इंग्रजीतून उचललेलं आहे, नदी कसली भूमिका बजावते, नदी वाहते. इंटरनेटवरचा इंग्रजी मजकूर भाषांतर करून चिकटवला की अशी वाक्यं येतात आणि ती लांबूनसुद्धा ओळखू येतात. वाचा, टॅब बंद करा, मग आपल्या भाषेत लिहा.

थांबा आणि तपासा: फक्त जोडशब्दांवरून बोट फिरवा. सगळीकडं "आणि, तसेच, व" असेल तर पायरी ३ ला परत जा, दोष भाषेत नाही, क्रमात आहे.

## पायरी ६: शेवटचं वाक्य, आणि थांबणं

शेवटी काहीतरी मोठं म्हणायची आपल्याला सवय आहे. "म्हणून सर्वांनी काळजी घेणे गरजेचे आहे", "असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही", "ही काळाची गरज आहे". निबंधात गुण मिळायचे म्हणून ती सवय लागली, माहितीच्या पॅऱ्यात ती काढून टाका. प्रश्न होता का येतो, कुणी काळजी घ्यावी का असं विचारलंच नव्हतं.

शेवटचं वाक्य म्हणजे तुमच्या क्रमातली शेवटची पायरी, बस. पहिलं वाक्य शब्द बदलून परत लिहू नका, पाच-सात वाक्यांच्या पॅऱ्याला सारांश लागत नाही. आता बांधलेला पॅरा अख्खा बघा:

"पंचगंगेला पूर येतो तो कोल्हापूर शहरात पडणाऱ्या पावसापेक्षा पश्चिमेकडच्या डोंगरात पडणाऱ्या पावसामुळे. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या तालुक्यांत सह्याद्रीला अडलेले ढग जोरात बरसतात आणि ते पाणी कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्यांतून खाली येते. या नद्या एकत्र होऊन प्रयाग चिखलीपासून पंचगंगा वाहू लागते, म्हणजे वेगवेगळ्या खोऱ्यांतले पाणी शहराच्या थोडे वर एकाच पात्रात येते. त्याच वेळी राधानगरी धरण भरले तर धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि भोगावतीतले पाणी आणखी वाढते. हे सगळे पाणी नृसिंहवाडीला कृष्णेत जायला हवे, पण कृष्णाच तुडुंब असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगत येते. म्हणून शहरात पाऊस उघडला तरी, जिथे पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे चढत राहू शकते."

सहा वाक्यं आहेत. २०१९ आत घ्यावं लागलंच नाही. ३९ आणि ४३ आले ते शेवटी, जिथं त्यांना काम होतं तिथं. आणि पूर का येतो ते पोरीनं मला तोंडी सांगितलंच होतं, म्हणजे तिला माहिती कमी पडली नव्हती.

लांबीचं विचारतात सगळे. पाच ते आठ वाक्यांत बहुतेक प्रश्न बसतात. दहाव्या वाक्यावर पोचलात तर बहुधा मधे दुसरा प्रश्न सुरू झालेला असतो, तो कुठं सुरू झाला ते शोधा आणि तिथून नवा पॅरा करा. तीनच वाक्यांत संपला तर पायरी २ ला सामान कमी पडलंय, पाणी घालून वाढवू नका, माहिती शोधा.

## पायरी ७: तपासणी, याच क्रमानं

तपासताना सगळे आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतात. ते शेवटी बघा, कारण जे वाक्य खोडायचंच आहे त्याची वेलांटी सुधारून उपयोग काय.

आधी प्रत्येक वाक्य झाकून बघा. अंगठ्यानं एक वाक्य झाका आणि बाकीचं वाचा. काहीच हललं नाही तर ते वाक्य जाऊ दे.

मग आकडे आणि नावं. प्रत्येक आकडा आणि नाव, जिथून घेतलं तिथं परत जाऊन जुळवा, आठवणीवर ठेवू नका. ३९ चं ४९ व्हायला एक क्षण पुरतो, आणि पुराच्या आकड्यात दहा फूट म्हणजे कुणाचं तरी अख्खं घर.

मग मोठ्यानं वाचा. मनात वाचलं तर डोळा चुकीवरून घसरून जातो. वाचताना जिथं श्वास अडला ते वाक्य तोडा, जिथं आवाज उगाच भाषणासारखा चढला तिथं एखादं विशेषण लपलेलं असतं. वाक्यं लिहायच्या भाषेत सुरू करून मधेच बोलायच्या भाषेत गेलीत का तेही कानाला लगेच कळतं, "येते" आणि "येतं" एकाच पॅऱ्यात नको. परीक्षेत "येते" ठेवा, गल्लीच्या ग्रुपवर "येतं", मला दोन्ही चालतात, पण सरमिसळ चालत नाही.

त्यानंतर शुद्धलेखन.

आणि एकदम शेवटी, वरचा प्रश्न हातानं झाकून पॅरा दुसऱ्याला वाचायला द्या, शक्यतो ज्याला विषय माहीत नाही अशाला. वाचून झाल्यावर "कसा वाटला" विचारू नका, सगळे चांगलाच म्हणतात. विचारा, यात कुठल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय? त्यानं तुमचा प्रश्न जवळपास तसाच सांगितला तर पॅरा फेअर करायला घ्या. त्यानं दुसराच प्रश्न सांगितला तर त्याला समजावत बसू नका, परीक्षकाला समजवायला तुम्ही तिथं नसणार आहात. कागद परत घ्या आणि पहिलं वाक्य नव्यानं लिहा.